सदाहरित रानांतील पानगळ

‘सदाहरित’ या शब्दानें माझी पुष्कळ वर्षें फसवणूक केली. जीं झाडें बारा महिने हिरवीं दिसतात त्यांचीं पानें गळतच नाहींत, अशी माझी भाबडी समजूत होती. ती गेल्या फाल्गुनांत महाबळेश्वरीं दूर झाली.

आमचे थोरले काका नाना यांस देवदर्शनाची इच्छा झाली, म्हणून आम्ही वाईहून सकाळच्या गाडीनें निघालों. पसरणीचा घाट चढतांना दोन्ही अंगांचे उतार उघडेबोडके दिसत होते. गवत वाळून पिवळें पडलें होतें. एखाद्या सावरीवर लालभडक फुलें होतीं, पण औषधालाहि पान नव्हतें. पाणी आटूं लागतांच हीं पानझडी झाडें आपला पसारा आवरून बसतात. पांचगणी मागें पडली आणि बघतां बघतां रस्त्यावर गर्द सांवली आली. पश्चिमेकडून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावरच बहुतेक रिते होतात. महाबळेश्वरास वर्षाकाठीं सुमारें ६००० मिलिमीटर पाऊस पडतो. अवघ्या १९ किलोमीटरांवरील पांचगणीस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास! वास्तविक हें स्थळ उष्ण कटिबंधांतलें. पण सुमारें १३५० मीटर उंचीमुळें चँपियन व सेठ यांनीं १९६८ सालच्या वर्गीकरणांत येथील रान उपोष्ण डोंगरी रानांत घातलें आहे.

दुसऱ्या दिवशीं रानांत शिरलों तों पायांखालीं पाचोळा चुरचुरूं लागला. वर पाहावें तर हिरवें छत्र, खालीं पाहावें तर पानांचा खच! जांभळीजवळ थांबलों तेव्हां कोडें उलगडलें. फांदीच्या बुडाशीं जुनीं, जाड, गर्द पानें. त्यांतलीं कांहीं पिवळीं पडून वाऱ्याच्या झुळुकीसरशीं गळत होतीं. त्याच फांदीच्या शेंड्याला मात्र तांबूस, लुसलुशीत पालवी लोंबत होती. जुनें जाणें आणि नवें येणें या दोहोंत येथें खंड नाहीं. म्हणून झाड रिकामें दिसत नाहीं, एवढेंच. जवळच एक हिरडा मात्र पार निष्पर्ण उभा होता. “हा वठला कीं काय?” नानांनीं विचारलें. तो वठला नव्हता. हिरडा कांहीं आठवडे रिताच राहतो व मग पालवतो. एकाच रानांत अशा दोन्ही रीती सुखानें नांदतात.

पावसास तीन महिने अवकाश असतां ही पालवी येते कशाच्या बळावर? मुळें जांभ्या दगडाच्या भेगांतून खोल ओलीपर्यंत पोहोंचलेलीं असतात. शिवाय या दिवसांत आभाळ निरभ्र असल्यानें उन्हाचा लाभ पुरता मिळतो. आणि पानें खाणाऱ्या किड्यांची झुंबड उडते ती पावसाबरोबर. तोंवर पान जून व चिवट झालेलें असतें. कोवळेपणींची तांबूस छटा हरितद्रव्य पुरतें तयार होईपर्यंत प्रखर उन्हापासून पानाचें रक्षण करिते. कांहीं शास्त्रज्ञांच्या मतें तिनें किडेहि दूर राहतात.

याहून नवल पुढेंच आहे. जुनें पान उगीच तुटून पडत नाहीं. गळण्यापूर्वीं झाड त्यांतील नत्र व स्फुरद, बरेचदां निम्म्याच्या आसपास, परत फांदींत ओढून घेतें आणि त्यावर नवी पालवी पोसतें. मग देठाशीं पेशींचा एक नाजूक थर सुटतो व पान अलगद खालीं येतें. उरलेलें द्रव्य पाचोळ्यावाटे मातीस मिळतें.

हें मीं सांगितलें तेव्हां नाना थोडा वेळ कांहीं बोलले नाहींत. मग हंसून म्हणाले, “निम्में पोरांना, निम्में मातीला. भांडणाविना वाटणी झाली म्हणायची!” आमच्या घरचे सारे हिशेब त्यांनीं गेल्याच दिवाळींत धाकट्या पिढीच्या हातीं दिले होते. त्या हंसण्यांत थोडें कांहीं दुखरें होतें, तें मला तेव्हां कळलें.

परतीच्या वाटेवर पंचगंगेच्या देवळांत गोमुखांतून पाणी वाहत होतें. पाऊस थांबून चार-पांच महिने लोटले होते. जांभा दगड पाणी धरून ठेवतो हें खरें. पण तें त्यांत मुरतें कसें? पाचोळा पावसाचा मारा झेलतो, पाण्याची धांव अडवितो आणि कुजून मातीस भुसभुशीत करितो. हा पाचोळा झाडून न्यावा किंवा पेटवावा, तर पाणी माती घेऊन उतारानें निघून जाईल.

आमच्या परसांतल्या आंब्याचा पाचोळा रोज सकाळीं पेटविण्याचा शिरस्ता फार जुना. परत आल्यावर नानांनीं स्वतः उभें राहून आळ्याजवळ एक खड्डा खणविला. आतां पानें त्यांत जातात, आणि सकाळचा धूर बंद झाला आहे.