उइदाची चालत जायची वाट

बेनिनमधलं उइदा हे समुद्रकाठचं गाव. भर गावात एका बाजूला मोठं कॅथलिक चर्च आणि बरोबर समोर अजगरांचं देऊळ. पुजाऱ्याने त्यातला एक माझ्या गळ्यात घातला. अंग गार, खवले गुळगुळीत. निवांत खांद्यावरून सरकत राहिला. रात्री त्यांना मोकळं सोडतात. कुणाच्या घरात शिरले तर घरचे लोक मानाने परत आणून देतात. व्हूडू म्हणजे सुया टोचलेल्या बाहुल्या, हे सिनेमावाल्यांनी आपल्या डोक्यात भरवलेलं. इथे तो लोकांचा रोजचा धर्म आहे आणि जानेवारीतल्या त्याच्या सणाला देशभर सुट्टी असते.

पोर्तुगिजांचा 1721 सालचा किल्लाही गावातच आहे. गोवा मुक्त होण्याच्या काही महिने आधी, 1961 मध्येच, तो त्यांच्या हातून गेला.

बाजारात एका बाईच्या टोपलीत कवड्या दिसल्या. आपल्याकडे भवानीच्या माळेत असतात तशाच. मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या युरोपियनांच्या जहाजांतून इथे यायच्या आणि त्या मोजून माणसं विकत घेतली जायची. आपल्या किनाऱ्यांवरचं सुती कापडही याच सौद्यात खपायचं. हे कळल्यावर मला त्या टोपलीला हात लावावासा वाटेना.

गाइडने आडपडदा ठेवला नाही. दाहोमे या इथल्या जुन्या राज्याचे राजे शेजारच्या मुलखांवर स्वाऱ्या करत आणि धरून आणलेली माणसं विकत. ब्राझीलहून आलेला द सूझा हा इथला बडा दलाल. त्याचे वंशज आजही याच गावात राहतात. विकणाऱ्यांची नावं न लपवता सांगतात, याचं मला फार मोल वाटलं.

द सूझाच्या ‘चाचा’ या पदवीवरून नाव पडलेल्या चाचा चौकातून लाल मातीची वाट समुद्राकडे जाते. विकलेल्या माणसांना याच वाटेने जहाजांकडे चालवत नेत. वाटेत विस्मरणाच्या झाडाची जागा लागते. पुरुषांना त्याभोवती नऊ आणि बायकांना सात फेरे घालायला लावत, म्हणजे घरदार, नाव-गाव विसरून जातील, असं सांगतात. शेवटी वाळूत 1995 मध्ये उभारलेली कमान आहे, ‘परत न येण्याचं दार’. कमानीवर साखळदंडातल्या माणसांच्या रांगा कोरल्या आहेत.

बरेच प्रवासी मोटारीने थेट कमानीपाशी उतरतात. तुम्ही गेलात तर तसं करू नका. अंतर चारेक किलोमीटर आहे. चौकापासून चालत जा.