श्वासाची गळती

एन्नोर हे चेन्नईच्या उत्तरेचे समुद्रकाठचे उपनगर. माझे वडील, आप्पा, नोकरीच्या निमित्ताने कोल्हापूरहून येथे आले आणि येथेच स्थायिक झाले. येताना त्यांनी आणलेल्या मोजक्या सामानात एका बँडमास्तरांकडून विकत घेतलेले लाकडी क्लॅरिओनेट होते. कर्नाटक संगीतात या परदेशी वाद्याला मानाचे स्थान मिळवून देणारे ए. के. सी. नटराजन हे त्यांचे दैवत. २००८ साली नटराजन यांना मद्रास म्युझिक अकॅडमीचा ‘संगीत कलानिधी’ हा सन्मान मिळाला, तेव्हा आप्पांनी शेजारीपाजारी पेढे वाटले होते.

ऐंशी ओलांडल्यावर त्यांच्या वाद्यातून खर्जाचे स्वर निघेनासे झाले. “माझा श्वास संपला,” एवढेच म्हणून त्यांनी ते पेटीत ठेवले. आम्हां मुलांनाही ते पटले. वय झाले, दुसरे काय!

तीन वर्षांनी मी ते वाद्य चेन्नईतील एका वृद्ध कारागिरांकडे नेले. त्यांनी वरच्या नळीचे एक तोंड तळव्याने झाकले, बोटांची छिद्रे बंद केली आणि दुसरीकडून फुंकर घातली. कळांच्या खालून हवा फुसफुसत बाहेर आली.

क्लॅरिओनेटवरील काही छिद्रे कळांनी झाकली जातात. कळेच्या वाटीत नमद्याची चकती असते व तिच्यावर पातळ पापुद्र्याचे आवरण. हेच पॅड. खर्जाच्या स्वरांसाठी जवळजवळ सर्व छिद्रे बंद असावी लागतात. वरचे एखादे पॅड केसभर उचललेले राहिले, तरी खालचा स्वर बिघडतो. इव्हान म्युलर यांनी १८१२ च्या सुमारास मऊ भरणाची पॅड्स वापरली, ती ही गळती थांबवण्यासाठीच. एन्नोरच्या दमट, खाऱ्या हवेत आमच्या वाद्यातील नमदा फुगला होता, पापुद्रे फाटले होते.

मी पुण्याहून नव्या पॅड्सचा संच नेला होता. कारागिरांनी त्यातील एक बसवून पाहिले. ते जाड निघाले. बिजागरीकडची कड आधी टेकली आणि समोरची उघडीच राहिली.

“जोराने दाबले तर बसेल ना?” मी विचारले.

“अम्मा, दाबल्याने बोट दुखेल, कळ वाकेल, फट बुजणार नाही.”

जुन्या वाद्यांच्या वाट्या आजच्या ठरावीक मापांत बसतीलच असे नाही. म्हणून त्यांनी प्रत्येक वाटीचा व्यास व खोली मोजून पॅड निवडले. धड असलेली जुनी पॅड्स तशीच राहू दिली. वाटी तापवून लाख वितळवली आणि ती मऊ असतानाच पॅड छिद्राशी समतल केले. मग सिगारेटच्या कागदाची बारीक पट्टी पॅडखाली ठेवून चारी बाजूंनी ओढून पाहिली. ती सर्वत्र सारखीच अडली, तेव्हाच त्यांनी पुढची कळ हाती घेतली.

त्या संध्याकाळी आप्पांनी खर्जाचा स्वर लावला. तो उमटला, काही क्षण टिकला, आणि त्यांना खोकला आला. शांत झाल्यावर ते म्हणाले, “श्वास थोडाच उरला आहे गं, पण आता तो वाया जात नाही.”

मी खाली पाहिले. शिक्षिका म्हणून मीही कितीतरी मुलांचा ‘श्वास’ अपुरा ठरवून मोकळी झाले होते. गळते कोठे, हे मी तपासलेच नव्हते.