जांभळ्या रानात दहा दिवस

ऐन खरिपात रजा मागणाऱ्या कृषी अधिकाऱ्याकडे साहेब कोणत्या नजरेने पाहतात, हे मला तीस वर्षांच्या नोकरीत २०२४ साली प्रथमच कळले. कारण घरगुती होते. आमची मुलगी फ्रान्समध्ये मोंपेलिए या शहरी असते. तिच्या बाळंतपणासाठी सौ. मार्चमध्येच तिकडे गेल्या होत्या. नातवाचे तोंड पाहण्यासाठी मी जुलैत पोचलो, तो शहरात उकाडा मी म्हणत होता. तेव्हा जावईबापूंनी व्हालांसोल नावाच्या पठारावर एका शेतकरी कुटुंबाच्या घरातील दोन खोल्या दहा दिवसांसाठी भाड्याने घेतल्या आणि बाळासह आम्ही सारे तेथे जाऊन राहिलो.

व्हालांसोलचे पठार फ्रान्सच्या दक्षिण भागात, प्रोव्हांस प्रांतात आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० ते ६०० मीटर, म्हणजे आपल्या पुण्याइतकीच. पण तेवढ्यावर जाऊ नये. तेथे हिवाळ्यात हाडे गोठविणारी थंडी पडते, पाऊस मुख्यतः शरदात आणि वसंतात येतो आणि उन्हाळा अगदी कोरडा जातो. जमीन पाहिली आणि मला आपल्या माळरानाची आठवण झाली. पावलोपावली गोल गुळगुळीत गोटे. हे गोटे प्राचीन काळी आल्प्स पर्वतातून आलेल्या नद्यांनी वाहून आणले आहेत. असल्या रानात काय पिकणार, असे कोणीही म्हणेल. आणि त्याच रानात डोळा पोचेल तेथपर्यंत लव्हेंडरच्या जांभळ्या ओळी! वळणदार, स्वच्छ, तणाचे नाव नाही. मधेच पिवळ्या पडलेल्या गव्हाचा तुकडा, बांधाला बदामाची झाडे.

पहाटे साडेपाचला उठून मी रानात जात असे. त्या वेळी हवा गार असते आणि एकच आवाज ऐकू येतो, मधमाश्यांचा. एकेका झुडपावर दहा-दहा, वीस-वीस माश्या. मधपाळ लोक फुलोऱ्याच्या दिवसांत रात्री ट्रकमध्ये मधपेट्या घालून येथे आणतात व फुलोरा संपला की पुढे नेतात. आपल्याकडे धनगर बांधव मेंढरे घेऊन रान बदलतात तसाच हा प्रकार. दहा वाजले की शहरांतून मोटारी येऊ लागतात. माणसे ओळींत उभी राहून छायाचित्रे काढतात, काही जण नवे कपडे बदलून पुन्हा काढतात. शेतमालकाला त्यातून काय मिळते म्हणाल, तर बहुधा मोडलेल्या फांद्या. दुपारी घरोघरी खिडक्यांची लाकडी दारे बंद करून माणसे आत बसतात. बाहेर झाडांवर एक किडा एकसारखा करकरत असतो. सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे संध्याकाळचे काम आरामात होते. सौ.ना मात्र ‘दिवेलागणीची वेळच सापडत नाही’ अशी चुकचुक लागून राहिली होती.

आमच्या यजमानीणबाई सत्तरीच्या. पती वारलेले, मुलगा शेती पाहतो. मुलगी दुभाष्याचे काम करी. पहिल्या दिवशी सौ. नातवाला तेल लावून न्हाऊ घालत होत्या, ते बाई दारात उभ्या राहून पाहत राहिल्या. मग आत जाऊन लव्हेंडरच्या तेलाची कुपी घेऊन आल्या. सौ.नी वास घेतला, नाक मुरडले आणि ‘तान्ह्याला नको बाई इतके तिखट’ म्हणून परत दिली. बाई हसल्या. त्यांनाही ते लावावयाचे नव्हतेच, केवळ दाखवावयाचे होते. त्यानंतर दोघींची गट्टी जमली ती भाषेवाचून.

आता थोडे शेतीविषयी. आपण ज्याला सरसकट लव्हेंडर म्हणतो त्यात दोन प्रकार आहेत. खरे लव्हेंडर उंच डोंगरात, साधारण ८०० मीटरच्या वर चांगले येते. त्याचे तेल उंची अत्तरांत व औषधांत जाते, पण हेक्टरी १५ ते २५ किलोच निघते. पठारावर असते ते बहुतेक ‘लाव्हांदँ’ म्हणजे संकर. त्याचे झुडूप मोठे, तेल हेक्टरी ८० ते १०० किलोपर्यंत, पण वासात कापराचा उग्रपणा. हे तेल साबण आणि धुण्याच्या पावडरींत जाते. संकराला बी धरत नाही, म्हणून कलमकांड्यांपासून रोपे करतात. एकदा लावले की सुमारे दहा वर्षे पीक घेता येते.

कांड्यांची लागवड म्हणजे सगळी झाडे एकाच आईची लेकरे. एकाला जे बाधते ते सर्वांना बाधते. पूर्वी ‘आब्रियाल’ नावाचा वाण येथे सर्वत्र होता; तो मर रोगाने खचला. मग १९७०च्या दशकात ‘ग्रोसो’ वाण आला आणि आज बहुतेक संकर-लागवड त्याचीच आहे. ही मर एका सूक्ष्म जंतूमुळे होते आणि तुडतुड्यासारखा एक किडा ती पसरवितो. आपल्या वांग्यावरचा पर्णगुच्छ रोग ज्या जातीचा, त्याच जातीचे हे दुखणे. त्यावर खात्रीचे औषध नाही. म्हणून निरोगी रोपवाटिकेतील रोपे घेतात, कोवळ्या लागवडीवर पांढऱ्या मातीचे पाणी फवारतात आणि दोन ओळींच्या मधे गवत किंवा धान्य पेरतात. गंमत पाहा. मी ज्या स्वच्छ, तणविरहित ओळींचे कौतुक केले, त्यांवर यजमानीणबाईंचा मुलगा नाराज होता. उघडी जमीन किड्याला सोयीची पडते, असे तो म्हणाला. माझी तीस वर्षांची कोळपणीची शिकवण क्षणभर डळमळली.

चौथ्या दिवशी कापणी सुरू झाली. पूर्वी हे काम विळ्याने होई आणि माणसे कापडाच्या झोळीत फुले भरीत. आता यंत्र ओळीवरून जाते, फुले कापून सरळ मागच्या ट्रॉलीतील लोखंडी टाकीत टाकते. तीच टाकी भट्टीवर नेऊन वरून झाकण घालतात आणि खालून वाफ सोडतात. वाफेबरोबर तेल निघते, नळीत गार होते व पाण्यावर तरंगते. ते काढून घ्यावयाचे. उरलेला चोथा सरपण म्हणून किंवा शेतात खत म्हणून जातो. आपल्याकडे सातपुड्यात पूर्वी रोशा गवताचे तेल काढीत, तत्त्व तेच. त्या संध्याकाळी साऱ्या गावावर असा वास पसरला की नातू तीन वेळा शिंकला.

भट्टीजवळ बसून मी मुलाला भावाचे विचारले. तो जरा गप्प झाला. मग हळूहळू बोलला. साधारण २०१० नंतर भाव चढला, तेव्हा सगळ्यांनी गहू मोडून लाव्हांदँ लावले. इतर देशांतही लागवड वाढली. खऱ्या लव्हेंडरच्या तेलात तर बल्गेरियाने फ्रान्सला मागे टाकले. माल फार झाला आणि गेल्या काही वर्षांत भाव कोसळला. अनेकांची पिंपे गोदामात पडून आहेत. त्यालाही त्या वेळी सगळे रान लावावयाचे होते, पण आईने पाव हिस्सा गव्हाला आणि मेंढ्यांच्या चाऱ्याला राखून ठेवला. त्यावरून दोघे महिनाभर बोलत नव्हते. ‘आज घर चालते ते त्या पाव हिश्श्यावर,’ तो म्हणाला. एक जुना तुकडा तो यंदाची कापणी झाली की उपटणार होता.

यजमानीणबाईंनी मला विचारले, ‘तुम्ही तर शेतकऱ्यांना सल्ला देता. तुम्ही काय सांगितले असते?’

खरे उत्तर द्यावे की नको, असा प्रश्न पडला. पण मुलगी समोर होती, आणि तिला ती हकीकत माहीत होती. २००३ साली आमच्या भागात सफेद मुसळीचे वारे आले होते. एका कंपनीने पुनर्खरेदीची हमी दिली. मी उत्साहाने सभा घेतल्या, एकरी उत्पन्नाचे आकडे फळ्यावर लिहिले. माझ्या शब्दावर एका शेतकऱ्याने बैलजोडी विकून महागडे बेणे घेतले आणि दोन एकर लावले. माल निघाला तेव्हा कंपनीच्या कचेरीला कुलूप होते. त्यांनी मला कधी एक शब्दही बोलून दाखविला नाही. मीच पुढे त्यांच्या वाटेने जाणे टाळू लागलो. मुलीने हे सारे भाषांतर करून सांगितले. बाई काही बोलल्या नाहीत. उठून घरात गेल्या, बदामाची वाटी घेऊन आल्या आणि माझ्यापुढे ठेवली.

आता परत आल्यापासून फोन येतात, ‘साहेब, लव्हेंडर आपल्याकडे लावू का?’ त्यांना मी स्पष्ट सांगतो. आपल्या देशात हे पीक जम्मूकडे भदरवाहच्या थंड डोंगरात शेतकरी घेत आहेत. पण चार महिने पाऊस झेलणाऱ्या काळ्या जमिनीत त्याची मुळे सडतील. रोपे विकणारे पुष्कळ भेटतील. तेल कोण, कोठे, काय भावाने घेणार, हे त्यांना आधी विचारा.

निघताना बाईंनी वाळलेल्या फुलांच्या चार जुड्या दिल्या. तीन सौ.नी गोधड्यांच्या ट्रंकेत घातल्या. चौथी घेऊन मी ऑगस्टमध्ये मुसळीवाल्या त्या शेतकऱ्याकडे गेलो. एकवीस वर्षांनी त्यांच्या ओट्यावर बसलो. त्यांनी चहा सांगितला, जुडी हातात घेतली, चोळून वास घेतला आणि विचारले, ‘साहेब, ह्याला भाव काय आहे?’

मी सगळे सांगितले. त्यांनी मान हलविली. मग आम्ही त्यांची तूर पाहावयास रानात गेलो; मर कोठे कोठे दिसत होती.