फुटाचा भाव

२३ मे २०२४. दुपारी आधी पायाखालची फरशी हलली, मग आवाज आला आणि त्यापाठोपाठ हॉलच्या खिडकीचं वरचं तावदान सोफ्यावर येऊन पडलं. वीतवीतभर लांबीचे सुरीसारखे तुकडे, त्यातले दोन तर थेट उशीत रुतलेले. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, जेवल्या की रोज त्याच सोफ्यावर, त्याच उशीवर डोकं टेकून आडव्या होतात. त्या दिवशी जेवण लांबलं म्हणून त्या अजून ताटावरच होत्या.

डोंबिवली एमआयडीसीच्या फेज दोनमध्ये एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला होता. माणसं गेली. त्यापुढे आमची काच ती काय! पण डोंबिवलीच्या निवासी विभागातल्या लोकांना हे पहिल्यांदा घडत नव्हतं. २०१६ च्या मे महिन्यातही असाच स्फोट होऊन घरोघरच्या काचा फुटल्या होत्या. तेव्हा आम्ही कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडून तशाच साध्या, चार मिलिमीटरच्या काचा कापून आणल्या आणि लांबी भरून बसवल्या. या वेळी नवरा म्हणाला, “आता खिडक्याच बदलू.”

आमची इमारत १९८८ ची, खिडक्याही तेव्हाच्याच. सागवानी चौकट, मधे लोखंडी गज आणि बाहेर उघडणाऱ्या अरुंद झडपा. पाऊस आला की गजांतून हात बाहेर घालून झडप ओढायची. ती ओढेपर्यंत कोपरापर्यंत भिजायचं. पाऊस तोंडावर आला होता, म्हणून फुटक्या तावदानाच्या जागी प्लायवूड ठोकलं आणि आख्खा पावसाळा अर्ध्या अंधारात काढत आम्ही चार ठिकाणांहून भाव गोळा केले.

नवऱ्याने संगणकावर तक्ता केला. हॉलची खिडकी २७ चौरस फूट, दोन बेडरूमच्या २०-२०, स्वयंपाकघराची १२. एकूण ७९. आडव्या रांगेत खिडकीचे प्रकार, उभ्या रांगेत भाव. दोन ट्रॅकची हलकी अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंग फुटाला ४२० रुपये. तीन ट्रॅकची ‘डोमल’ अ‍ॅल्युमिनियम, पावडर कोटिंगसह, ६२०. यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची, स्लायडिंग ७८०, झडपांची ९५०. आणि एका काचेच्या दिवाणखान्यासारख्या शोरूममधली ‘सिस्टम’ अ‍ॅल्युमिनियम १,६५०. तिथे भाव विचारायच्या आधी कॉफी देतात, त्यावरूनच काय ते समजून घ्यायचं. तक्त्याच्या तळाशी सर्वात स्वस्त आकडा आला ३३,१८० आणि सर्वात महाग १,३०,३५०. नवरा खूश झाला. एकदा तक्ता झाला की त्याला काम निम्मं उरकल्यासारखं वाटतं.

पहिला तडा या ‘फुटा’लाच गेला. माप घ्यायला आलेल्या मुलाच्या वहीत मी डोकावले. आमची हॉलची खिडकी टेपने पाच फूट दहा इंच बाय चार फूट चार इंच. बिलाच्या हिशोबात तीच सहा बाय साडेचार. म्हणजे सव्वापंचवीस फुटांची खिडकी घ्यायची आणि पैसे सत्तावीसचे द्यायचे. “मॅडम, सगळीकडे असंच असतं,” तो म्हणाला. ते खरंही होतं; चारही ठिकाणी कमीजास्त तसंच धरलेलं. मग कळलं की फुटाच्या भावात साधी काच असते, टफन, म्हणजे कडक केलेल्या काचेला फुटामागे ९० रुपये जादा. त्यावर १८ टक्के जीएसटी. जुनी चौकट काढणं वेगळं, राडारोडा उचलणं वेगळं. चौकट काढल्यावर भिंतीची कड ढासळते, म्हणून चहूबाजूंनी ग्रॅनाइटची पट्टी, ती मात्र रनिंग फुटाने. एका माणसाचा भाव फार कमी वाटला म्हणून खोदून विचारलं, तर त्यात जाळीच नव्हती. डोंबिवलीत जाळीशिवाय खिडकी म्हणजे डासांना आमंत्रणपत्रिका.

यूपीव्हीसीवाल्याने हातात तुकडा दिला. आतून कप्पे कप्पे, मधल्या कप्प्यात लोखंडी पट्टी, कोपरे स्क्रूने न जोडता वितळवून एकजीव केलेले. “अ‍ॅल्युमिनियम उन्हाने तापतं, हे तापत नाही,” तो म्हणाला. बरोबरच आहे, उष्णता वाहून नेण्यात अ‍ॅल्युमिनियम याच्या हजारपट पुढे. पण खिडकीत चौकट ती केवढी? बाकी सगळी काचच. ऊन काचेतूनच येणार. मग त्याने दुहेरी काच दाखवली, मधे १२ मिलिमीटर हवा कोंडलेली. ती ज्याच्या घरी दिवसभर खिडक्या बंद आणि एसी चालू, त्याच्या कामाची. आमच्याकडे एसी एकाच खोलीत आहे, आणि तो लावला की आईंचे गुडघे धरतात.

आईंनी सगळी माहितीपत्रकं चष्मा लावून पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, “उघडते किती?”

तक्त्यात हा रकानाच नव्हता. स्लायडिंग म्हणजे एक काच दुसरीच्या मागे सरकणार. खिडकी सहा फुटांची, वारा तीन फुटांचा. तीन ट्रॅक म्हटल्यावर मला वाटलं होतं जास्त उघडत असेल, पण तिसरा ट्रॅक जाळीचा. निम्मीच उघडते. आमची जुनी खिडकी सताड उघडत होती. फुटाचा भाव उघड्या फुटावर काढला तर ६२० चे १,२४० होतात आणि ९५० ची झडप स्वस्त ठरते, हे नवऱ्याने त्या रात्री गपचूप तक्त्यात घातलं.

झडपांच्या बाजूने आणखी एक कारण होतं आणि ते कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. आमच्याकडे रात्री वास येतो. २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला, त्याच्या बातम्या झाल्या. वासाची बातमी होत नाही. अकरा-साडेअकराला घशात खवखवायला लागतं आणि आम्ही उठून खिडक्या लावतो. स्लायडिंग कितीही लावली तरी तिच्या कडांना ब्रशसारखी लव असते, तिच्यातून वास खुशाल आत येतो. झडप मात्र रबरावर दाबून बसते. दोन्ही बेडरूमना झडपा घ्यायच्या ठरल्या.

ठरल्यावर अडचण लक्षात आली. बाहेर दीड फूट पुढे आलेली लोखंडी ग्रिल आणि कारखान्यातून येणारी झडप अडीच फुटांची. ती ग्रिलवर आपटणार. आत उघडावी तर पलंगावर निजलेल्याच्या कपाळावर. शेवटी दोनाच्या चार अरुंद झडपा करून घेतल्या. जुन्या खिडकीलाही चारच होत्या, सुताराने त्या हौसेने केल्या नव्हत्या.

स्वयंपाकघराची खिडकी राहिली ती सुतार मिस्त्रींमुळे. चौकटी उपटायच्या आधी जुन्या लाकडाला काय किंमत येईल ते बघायला त्यांना बोलावलं होतं. त्यांनी पटाशीच्या टोकाने चौकट ठोकून पाहिली. “ताई, हे विकू नका. असा सागवान आता मिळत नाही. खालची पट्टी तेवढी सडलीय.” खालचा तुकडा बदलायचे त्यांनी साडेतीन हजार घेतले. रंध्याने वरचा रंगाचा थर निघाला आणि आतून मधासारखं लाकूड दिसलं तेव्हा वाटलं, बाकीच्या तीन खिडक्यांच्या बाबतीत आपण घाई केली का? पण बेडरूमच्या दोघींचे सांधे पार गेलेले होते, आणि हॉलच्या चौकटीला वाळवी. काचांचं काय? झडपेची खाच पातळ काचेपुरती, टफन तिथे बसेना. तिथे काचांना आतून पारदर्शक फिल्म चिकटवली. काच फुटली तरी तुकडे फिल्मला धरून राहतात. एवढा सोपा उपाय चारपैकी एकाही खिडकीवाल्याने सुचवला नव्हता. सुचवला असता तर खिडकी कोणी घेतली असती?

टफन काच तयार झाल्यावर कापता येत नाही, म्हणून मापं दोनदा, सुतासुतापर्यंत घेतली. हॉलला तीन ट्रॅकची अ‍ॅल्युमिनियम, बेडरूमना यूपीव्हीसीच्या झडपा आणि आतून घडीची जाळी, स्वयंपाकघरात जुना सागवान. ३३,१८० पासून निघालेला आकडा लाखाला टेकला. दिवाळीनंतर काम झालं. आईंच्या सांगण्यावरून शेवटचे पाच हजार पहिल्या पावसापर्यंत राखून ठेवले. फॅब्रिकेटरला ते पटलं नाही, पण आईंशी वाद कोण घालणार?

२०२५ चा पाऊस मेमध्येच आला. हॉल पश्चिमेला, झड सरळ अंगावर. अर्ध्या तासात नव्या खिडकीचा ट्रॅक काठोकाठ भरला आणि पाणी भिंतीवरून सोफ्यामागे उतरलं. नवऱ्याने फॅब्रिकेटरला फोन लावला, त्याचा आवाज चढला. मी फडकी पिळत होते. आई खिडकीशी वाकून ट्रॅकच्या बाहेरच्या कडेवर बोट फिरवत होत्या.

“इथे भोकं असायला हवीत ना गं? पाणी जायला?”

भोकं होती. बसवणाऱ्या मुलाने सिलिकॉनची नळी फिरवताना बाहेरची कड नीट गुळगुळीत केली होती, सहाही भोकांसकट. आईंनी शिवणाच्या डब्यातून दाभण आणलं. खिडकीतून हात बाहेर घालून, कोपरापर्यंत भिजत, त्यांनी पहिलं भोक टोचलं. पाण्याची पिवळट धार खालच्या मजल्याच्या पत्र्यावर वाजायला लागली.

दुसऱ्या दिवशी फॅब्रिकेटर आला. ट्रॅक कोरडा पाहून म्हणाला, “मॅडम, काही लीकेज नाही की!” आणि पाच हजारांसाठी उभा राहिला. आईंनी त्याच्यासमोर दाभण ठेवलं.