समासातलं प्रश्नचिन्ह

काम बदललं की आधीच्या कामात कमावलेलं नाव आपोआप सोबत येत नाही. ओळखीची माणसं खुर्ची देतात, चहा मागवतात, पण काम बेताबेतानंच हाती देतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. मी छपाईच्या धंद्यात खिळे जुळारी म्हणून आलो, पुढे संगणकावर डीटीपी केलं आणि आता मुद्रितशोधन करतो. तिन्ही कामं पुण्याच्या पेठांतच झाली, बरीचशी त्याच माणसांबरोबर. तरीही प्रत्येक वेळी विश्वास पहिल्यापासून मिळवावा लागला.

जुळारी उभ्यानं काम करायचा. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, समोर शिशाच्या खिळ्यांची केस. देवनागरीच्या केसमध्ये शेकडो घरं असत आणि डिग्री टाइपात मात्रा, वेलांट्या, उकार वेगळे बसवावे लागत. डोळे हस्तलिखितावर ठेवायचे आणि घर हातानं शोधायचं. अक्षरं उलटी वाचायची सवय लागून जाई. पण त्या कामानं मला खरं शिकवलं ते दुरुस्तीचं मोल. एक शब्द बदलायचा तर ओळ सैल करायची, खिळे काढायचे, नवे घालायचे, स्पेस भरून ओळ पुन्हा घट्ट करायची. नवा शब्द लांब असला तर परिच्छेद संपेपर्यंत ओळी पुढे सरकवाव्या लागत. म्हणून जाणता मुद्रितशोधक काढलेल्या शब्दाच्या मापाचाच शब्द सुचवी. जुळाऱ्यांमध्ये अशा माणसाला मान होता. तो आपले कष्ट ओळखतो, हे सगळ्यांना दिसत असे.

हा धंदा एका कामातून दुसऱ्या कामात गेलेल्या माणसांवरच वाढला आहे. जावजी दादाजी पोरवयात मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये खिळे घासायला लागले. त्यांनी १८६४ मध्ये स्वतःचा टाइपाचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. तिथल्या टाइपाचं वळण राणोजी रावजी आरूंच्या हातचं. पण पंडित मंडळी निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांवर विसंबू लागली, त्यामागे वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकरांसारख्यांनी पाठ तपासताना घेतलेली मेहनतही होती. देखण्या अक्षरांनी वाचक जवळ येतो. तो टिकतो पाठाच्या शुद्धतेमुळे.

संगणक आले तेव्हा केसची घरं पाठ असण्याचा काही उपयोग उरला नाही. पेजमेकर शिकलो, श्रीलिपीचा कीबोर्ड बोटांत बसवला. उपयोगी पडली ती नजर. शब्दांमध्ये हवा जास्त झाली, पानाच्या माथ्यावर परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच आली, जोडाक्षर फुटलं, हे मला लगेच खुपायचं. पुढे जुन्या फाइली युनिकोडमध्ये न्यायची वेळ आली, तेव्हा ‘भाकऱ्या’च्या ‘भाकर्या’ झालेल्या मला पानभर मजकुरात चटकन दिसत. शेजारचे ऑपरेटर ‘जरा नजर टाका’ म्हणून पानं पुढे करू लागले आणि त्यातूनच मी मुद्रितशोधनाकडे वळलो.

इथे मात्र विश्वासाचं गणित निराळं निघालं. जुळाऱ्याला त्याच्या हातानं काय केलं यावरून जोखतात. मुद्रितशोधकानं कशाला हात लावला नाही, हेही लेखक बारकाईनं पाहतो. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम अठरा आहेत, चौदा १९६२ चे आणि चार १९७२ मध्ये वाढवलेले. ते पाठ हवेतच. पण त्यांतलाच एक नियम सांगतो, की केशवसुतांपूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचं गद्य मुळाप्रमाणेच छापावं. नियम करणाऱ्यांनीच थांबायची जागा आखून दिली आहे. ती शहाणीव मला फार मोलाची वाटते.

मालवणकडच्या एका लेखकाच्या आठवणींत ‘वायच थांब’, म्हणजे जरा थांब, असं आलं होतं. घाटावरच्या कानाला ‘वाईच’ सवयीचं. मी शब्दाला हात न लावता समासात वर्तुळ करून प्रश्नचिन्ह घातलं आणि सोबतच्या कागदावर पान-ओळ नोंदवून विचारलं, ‘हेच रूप ठेवायचं ना?’ उत्तर आलं, ‘हेच. आमची आई असंच म्हणायची.’ पुढच्या प्रुफाबरोबर त्यांनी स्वतःच्या शंकांची यादी जोडली होती. तेव्हा मला कळलं, की हे गृहस्थ आता मला आपला मानतात.

डीटीपीतल्या नव्या मुलांना मी हेच सांगत असतो. एक मुलगी एका पुस्तकात सगळीकडे ‘आणी’चं ‘आणि’ करणार होती. ‘काका, एकदम रिप्लेस मारू ना?’ मी म्हटलं, ‘यात एक प्रकरण १९७५ चं आहे. तिथल्या आणीबाणीचं काय होईल?’ ती क्षणभर थांबली आणि मग एकेक जागा पाहत गेली. पूर्वी शिशाचं वजनच घाईला आवर घालत असे. आता तो आवर आपला आपणच घालायचा आहे, कारण बटण दाबायला काहीच कष्ट पडत नाहीत.

आणखी एक पथ्य आहे. लेखकाच्या हस्तलिखितात काय काय सापडलं, ते दुसऱ्या प्रकाशकाकडे चहा पिताना सांगायचं नाही. आपल्या धंद्यात लेखक, ऑपरेटर, मुद्रक, बाइंडर सगळे एकमेकांना ओळखतात आणि कामं तोंडी शिफारशीवर मिळतात. एकाची उणीदुणी आपण सांगितली, की ऐकणारा हसतो आणि मनात ठरवतो, की याच्याकडे आपली वही द्यायची नाही.

हल्ली शिक्षकी, पत्रकारिता, बँकेतली नोकरी करून अनेक जण या कामात येतात. त्यांचं मला मनापासून स्वागत करावंसं वाटतं, कारण कायद्याची, शेतीची, हिशेबाची भाषा आतून जाणणारी माणसं इथे हवीच आहेत. त्यांना माझं सांगणं एवढंच आहे. सुरुवातीला एकच फर्मा, म्हणजे सोळा पानं, मागून घ्या. कबूल केलेल्या दिवशी परत द्या. दुरुस्त्या वेगळ्या ठेवा, शंका वेगळ्या, आणि शंकांची यादी छोटी वाटली तरी नीट लिहून द्या. तुम्हाला भाषा येते हे पहिल्या पानावर दिसेल. तुम्ही लेखकाची भाषा राखता हे दिसायला सोळाही पानं लागतील, आणि दुसरा फर्मा मिळतो तो त्यावरच.