सहा मिलिमीटरची असई

ती. दादास,



वहिनीने फोनवर हसत हसत सांगितलं, की मी ‘पन्नाशीत खेळण्यातले सैनिक रंगवतो’ ही बातमी तू जालन्यात घरोघर पोहोचवली आहेस. पोहोचव. पण तुझे दोन प्रश्न डोक्यात राहिले. रंगवायचेच तर पाच-दहा सैनिक नीट रंगव, या हजारभर मुंग्या कशाला? आणि त्यातही आपण हरलेली असईची लढाई कशाला? फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र.

आधी वयाचं एकदा मिटवू. प्रशियाचे लष्करी अधिकारी १८२४ पासून नकाशावर ठोकळे सरकवून लढाईचा सराव करत होते. एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ लिहिलं, तेव्हा तोही सेहेचाळीस वर्षांचा होता आणि खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळे उडवून शत्रूचे सैनिक आडवे करत होता. पुढच्याच वर्षी खरं महायुद्ध सुरू झालं, तो भाग वेगळा.

आता मुंग्या. इथे बहुतेक हौशी मंडळी २८ मिलिमीटरचे सैनिक घेतात. त्यांच्या डोळ्यांत बुबुळ काढता येतं, कोटाला बटणं लावता येतात, कपाटात ठेवले तर पाहुणे कौतुक करतात. पण असे तीस जण टेबलावर उभे केले की ती पलटण वाटत नाही, लग्नाचं वऱ्हाड वाटतं. मी सहा मिलिमीटरवर आलो तो यासाठी. हे माप तळपायापासून डोळ्यांपर्यंतचं. शेफिल्डची बॅकस ही कंपनी याच मापाचं काम करते. तिचं पायदळ चार-चार जणांच्या धातूच्या पट्टीत ओतलेलं येतं. साठ बाय तीस मिलिमीटरच्या एका पाटीवर मी चोवीस जण दोन रांगांत बसवतो. पाचशेची पलटण चोवीसात आली, म्हणजे एक सैनिक साधारण वीस माणसांच्या जागी. एवढ्या लहान मापात तू शिपाई रंगवत नसतोस, पलटण रंगवत असतोस. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं.

पट्ट्या आइस्क्रीमच्या काड्यांवर फेविकॉलसारख्या गोंदाने चिकटवायच्या, म्हणजे हातात धरता येतात. सगळ्यांना आधी काळा रंग. तो वाळला की वर लाल कोट, पण कडेपर्यंत न्यायचा नाही. हात आणि अंग यांच्यामध्ये केसाएवढी काळी फट सोडायची. सावलीही तीच आणि रेघही तीच. चेहऱ्याला एक ठिपका. छातीवरचे पांढरे पट्टे म्हणजे दोन फटकारे, फुलीसारखे. बंदुकीला तपकिरी रेघ, संगिनीच्या टोकाला चंदेरी कण. डोळे, मिश्या, बटणं यांच्या वाटेला जायचं नाही. तुला वाटेल याला एका केसाचा ब्रश लागत असेल. उलट आहे. तीन शून्यांचा ब्रश घेतला तर सैनिकापर्यंत पोहोचायच्या आत रंग टोकावरच वाळतो. एक नंबरचा सेबलचा ब्रश, पोटात रंग धरणारा आणि टोक शाबूत असलेला, एवढा पुरतो.

रंगही पुस्तकात दिसतो त्याच्यापेक्षा दोन छटा उजळ घ्यावा लागतो, कारण या मापात खरा गडद निळा सरळ काळाच दिसतो. हातात घेऊन पाहिलंस तर तू म्हणशील, नुसते डाग आहेत. तीन फुटांवर उभा राहून बघ, म्हणजे त्याच डागांची रांग चालायला लागते.

गणवेशाची चिकित्सा मात्र सोडता येत नाही. असईला इंग्रजांकडे स्कॉटिश पलटणी दोन, ७४वी आणि ७८वी. कोट दोघींचे लाल. कॉलर आणि कफ ७४वीचे पांढरे, ७८वीचे फिकट पिवळसर. एवढ्या दोन ठिपक्यांवर कोण कुठली ते ठरतं. या लढाईसाठी कंपनी सरकारने दोघींना मानाचा जादा झेंडा दिला, आणि तो दिसायला देखणा म्हणून लोक हौसेने असईच्या टेबलावरच फडकवतात. अरे, जो लढाई मारल्यावर मिळाला तो लढताना हातात कुठून येणार?

आता हरलेल्या लढाईचं. २३ सप्टेंबर १८०३. तुझ्या घरापासून भोकरदन किती लांब, ते तुला ठाऊक आहे. शाळेत आपल्याला एका ओळीत सांगितलं, की वेलस्लीने शिंदे-भोसल्यांचा असईला पराभव केला. मीही मनात धरून होतो, की मराठी फौज म्हणजे घोडेस्वार. रंगवायला बसलं की यादी करावी लागते, आणि यादी केली की चित्र पालटतं. घोडेस्वार होते, हजारोंनी होते, टेबल भरून टाकतात, पण त्या दुपारी त्यांनी फारसं काही केलं नाही. लढलं ते शिंद्यांचं कवायती पायदळ, साधारण दहा हजार, आणि शंभराच्या आसपास तोफा.

दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले दोघेही रणांगण सोडून गेले. सूत्रं पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाकडे होती. वेलस्लीने समोरासमोरची दोन गावं पाहून मध्ये उतार असणारच असा तर्क केला आणि केळणा ओलांडून बगलेवर आला. तेव्हा पोलमनने सगळी फळी काटकोनात फिरवली. डावी बाजू असई गावाला आणि जुई नदीला टेकवली. एवढं सैन्य तोफांसकट वळवायचं आणि रांग मोडू द्यायची नाही! टेबलावर हे करताना मला पट्टी घेऊन अर्धा तास लागतो आणि दोन पलटणी एकमेकींत घुसतात.

गोलंदाजांचं तर काय सांगू. इंग्रज अंगावर आले तरी ते तोफांपाशी लढत राहिले. मेल्याचं सोंग घेऊन पडलेल्या काहींनी फळी पुढे गेल्यावर उठून मागून पुन्हा तोफा डागल्या. ७४वी पलटण वाट चुकून असई गावाच्या तोंडावर गेली आणि तिची जवळपास चारशे माणसं मेली किंवा जखमी झाली. लढाईत उतरलेल्या साडेचार हजारांतली दीड हजारांहून जास्त माणसं वेलस्लीने त्या दिवशी गमावली. वॉटर्लू जिंकल्यावरही तो आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचंच नाव घेत असे.

म्हणून मी मराठी बाजूच्या तोफा शेवटी न रंगवता सगळ्यांत आधी रंगवल्या. घोडेस्वार अजून डब्यात आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यांचा कंटाळा येतो. लाल कोटाची पलटण एका संध्याकाळी होते. पण गणवेश नसलेले स्वार म्हणजे प्रत्येकाचं पागोटं वेगळं, अंगरखा वेगळा, घोडा वेगळा. दोन शेजाऱ्यांचा रंग सारखा आला की सगळा जमाव खोटा दिसायला लागतो.

आता कामाचं बोलतो. पाट्यांवरची जमीन अजून बाकी आहे. इथले लोक पाटीवर हिरवं गवत पसरतात, ते इंग्लंडचं दिसतं. मला तिथली काळी माती हवी. पण काळी पाटी सैनिकांच्या पायाखालची सावली गिळते, म्हणून नेमकी छटा कळायला हवी. सप्टेंबरच्या शेवटी भोकरदनकडे जाणं झालं तर असईपर्यंत जा. केळणा आणि जुई दोन्हींच्या काठांचे, वाहत्या पाण्याचे आणि मधल्या शेतांचे फोटो काढ. लढाई दुपारची, तेव्हा ऊनही दुपारचंच असू दे. माती पाठवू नकोस, कस्टमवाले अडवतील. फक्त प्रत्येक फोटोत मातीशेजारी एक पांढरा कागद ठेव, म्हणजे मला रंग बरोबर जुळवता येईल.

वहिनीला नमस्कार.

तुझा,
धाकटा