नळदुर्गचा काळा दगड

‘मावशी, इथे टी-रेक्स होता का गं?’ नळदुर्गच्या बुरुजावर आठ वर्षांच्या भाच्याने टाकलेला बाउन्सर! मी पडले मास कॉमवाली. ‘नाही रे, तो अमेरिकेतला,’ एवढं बोलून सुटले. पण प्रश्न डोक्यात राहिला.

सोलापूरहून हैदराबाद हायवेने नळदुर्ग तासाभरावर. भर पावसाळ्यात जा. पाणी महालावरून नर-मादी धबधबे कोसळत असतात. सगळे तिथेच फोटो काढतात, आम्हीही काढले. खरी गंमत मात्र पायाखाली आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला चिकटला नव्हता. समुद्रातून उत्तरेकडे सरकणारं बेटच होतं ते. तेव्हा जमीन फाटली आणि लाव्हाचे थरावर थर साचले. नळदुर्गचा कातळ तोच, धाराशिवची लेणीही त्यातच कोरलेली.

आणि डायनासोर? राजासॉरस हा आपला मांसाहारी हीरो गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात सापडला, त्याला २००३ मध्ये नाव मिळालं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा इसिसॉरस शाकाहारी, लांब मानेचा. त्याचं नाव कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटवरून पडलंय (आकडेमोड करणाऱ्यांकडे डायनासोर, बोला!). तिथल्याच पिसदुऱ्यात शेणाचे दगड झालेले गोळे मिळाले. त्यात गवताचे सूक्ष्म कण निघाले, हे २००५ मध्ये जाहीर झालं. तोवर डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच, असं मानत.

आमच्याकडची तेव्हाची जमीन लाव्हाखाली गाडली गेलीय. शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीला भूकंपानंतर खोल बोअर घेतलं, तर सुमारे ३४० मीटर काळा दगड लागला आणि त्याखाली आठेक मीटर जुना गाळ. लाव्हा येण्याआधीचा! हे वाचून मी जाम एक्साइट झाले. रात्री जेवताना आईला सांगायला गेले. ‘किल्लारी’ म्हटल्यावर तिचा हात ताटातच थांबला.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गाव दमून झोपलेलं. घरं याच काळ्या दगडांची, मातीत रचलेली, वर मातीचं जड माळवद. ती झोपलेल्यांवरच आली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून हजारो माणसं गेली. ‘दगड उचलून उचलून हात सोलले होते आमचे,’ आई एवढंच म्हणाली.

भाच्याने किल्ल्यावरून खिशात घालून एक खडा आणला होता. ‘डायनासोरच्या टाइमचा’ म्हणून तो उशाशी ठेवायला निघाला. आजीने तो घरात येऊ दिला नाही. सध्या तुळशीपाशी आहे.